उड्डाणांतर्गत प्रज्वलन
अमेरिकेतील हौशी अग्निबाणविद्येत, १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक आवेगाच्या उच्चशक्ती अग्निबाणाचा वरचा टप्पा आकाशात पेटविण्याची क्रिया. काळ्या दारूच्या लहान मोटरींत खालची मोटर जळून संपताना वरचीस आपसूक पेटविते. अमोनियम परक्लोरेटयुक्त इंधनास ही सोय लागू पडत नसल्याने, उड्डाण-संगणकाने खालची मोटर विझल्याची खातरजमा करून, इंधनाच्या पोकळीत थेट वरच्या टोकापर्यंत सरकविलेल्या प्रज्वलकास विद्युत्प्रवाह द्यावा लागतो. कललेला बाण पेटल्यास तो माणसांवरही जाऊ शकतो; म्हणून ठरावीक कोनापलीकडे प्रज्वलनास सक्त मनाई करणारी यंत्रणा हाच नवशिक्याचा पहिला बंदोबस्त मानला पाहिजे. मोटर न पेटली तरी हवाईछत्री उघडलीच पाहिजे. प्रज्वलकाचे विद्युत्मंडल सज्ज करावयाचे ते बाण प्रक्षेपण-मंचावर उभा केल्यानंतरच.