भीती वाटणे आणि वाटून घेणे

परवा कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरला आणि पोफळीचा फाटा दिसला. हे नाव बहुतेकांना माहीत असतं ते कोयनेच्या भूमिगत वीजघरामुळे. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला कोयनेचं पाणी अडवायचं, डोंगरातून खाली सोडायचं, वीज करायची आणि ते पाणी वाशिष्ठीला द्यायचं. आमच्या घरात मात्र पोफळी म्हणजे आत्याचं पहिलं बिऱ्हाड. आतोबा वीजघरात नोकरीला होते.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. वर कोयनानगर परिसरात सुमारे दोनशे माणसं गेली, हजारो घरं पडली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. वीज बंद पडल्याने मुंबईचे कारखानेही थांबले. हा झाला पुस्तकातला इतिहास.

पुस्तकात न आलेला भाग आत्याकडून ऐकलेला. भूकंप काही सेकंदांचा, पण नंतर महिनोन् महिने लहान धक्के चालूच होते (त्या भागात ते अजूनही बसतात). रोज पहाटे चारला तिला जाग यायची. छातीत धडधड, हातपाय गार, जीव घुसमटतोय असं वाटायचं. घरात पाऊल टाकवत नसे. रेडिओ कुणी मोठा केला तरी ती दाराकडे धावायची. सगळे सांगायचे, "घाबरू नकोस." आत्या म्हणते, त्याचा एकच उपयोग झाला. ती घाबरल्याचं सांगेनाशी झाली!

मग दुपारी तांदूळ निवडायला चार-पाच बायका एकत्र बसू लागल्या. सुरुवातीला ते भयंकरच होतं म्हणे. धरण फुटणार, अमक्या तारखेला मोठा धक्का येणार... उठताना प्रत्येकीची भीती दुप्पट. शेवटी शेजारच्या एका वयस्क काकूंनी शिस्त लावली. कुणी ऐकीव बातमी काढली की विचारायच्या, "तू बघितलंस का? मग गप." त्याऐवजी प्रत्येकीने सांगायचं, काल रात्री मला काय झालं आणि मी काय केलं. तेव्हा आत्याला पहिल्यांदा कळलं की धडधड, गार हात, चारची जाग हे सगळ्यांचंच होतं. "मला वाटलं होतं मला वेड लागतंय," ती सांगते. पुढे दोन बिऱ्हाडांनी ठरवून एकाच रात्री घरात झोपायला सुरुवात केली. आधी दार उघडं ठेवून, मग लोटून, मग कडी लावून.

गंमत म्हणजे हेच अमेरिकेत तीस वर्षं आधी सुरू झालं होतं. १९३७ साली शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा गट सुरू केला, 'रिकव्हरी' नावाचा. पुढे चिंतेने बेजार माणसंही तिथे येऊ लागली. सभेत रडगाणं गायचं नाही. रोजच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग सांगायचा: काय घडलं, शरीराला काय झालं, मनात काय आलं, मी कसं निभावलं आणि पूर्वी काय केलं असतं. १९५२ नंतर हे गट रुग्णच चालवू लागले. आत्याच्या काकूंनी लो यांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही.

'पॅनिक डिसऑर्डर' हे नाव अधिकृत यादीत आलं १९८० साली. भीतीची जागा टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती पक्की होते. हळूहळू सामोरं गेलं की ती उतरते. हे सामोरं जाणं एकट्याला जड जातं, आणि तिथे सोबतीचा उपयोग. तज्ज्ञ सांगतो तेव्हा आपण मान डोलावतो. आपल्यासारखाच घाबरलेला माणूस "मी कडी लावून झोपलो" म्हणतो तेव्हा विश्वास बसतो. व्यसनाच्या बाबतीत हे पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून आपल्याला दाखवलं आहेच.

आपल्या शेजारी गोव्यात 'संगात' संस्थेने याच्या जवळचा एक प्रयोग केला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांची जोड दिली. २०१० साली निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, ही सोय नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. हे समुपदेशक स्वतः रुग्ण नव्हते, त्यामुळे तो स्वमदत गट म्हणता येणार नाही. पण मदत करायला पदवीच लागते असं नाही, एवढं त्यातून कळतं.

आणि मर्यादाही आहे. आत्याच्या त्या गटातली एक जण सुधारलीच नाही. जेवण तुटलं, झोप गेली, माहेरी गेली ती परत आली नाही. तिला डॉक्टर हवा होता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्या आजही तिचं नाव काढून गप्प होते. आज निदान १४४१६ वर 'टेली मानस'ला फोन तरी करता येतो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरातला एक कॉलेजचा मुलगा गेले काही महिने लोकलमध्ये चढू शकत नाहीये. डॉक्टर चालू आहेत. पण मागच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी त्याला तेच ऐकवलं, "घाबरू नकोस." मीही. आत्या तेवढी म्हणाली नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "तुझे पण हात गार पडतात का रे?"

तो अर्धा तास बोलत होता.

नातेवाईक मंडळी हे वाचत असतीलच. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा त्याला उपदेश नको. तुमच्यापैकी कुणाला असं कधी झालं असेल, तर तेवढं सांगा.