आपण जिंकलो, म्हणजे नक्की कोण?

मॅच संपली की आपलं ठरलेलं वाक्य, "आपण जिंकलो!" मैदानात घाम गाळणारे अकरा जण वेगळेच, आपण सोफ्यावर बसून भेळ खाल्लेली. तरी जिंकतो आपण. हरल्यावर मात्र लगेच "घालवली रे त्यांनी!"

मायकेल बिलिग नावाच्या अभ्यासकाचं १९९५ सालचं एक पुस्तक आहे, 'बॅनल नॅशनॅलिझम'. त्याचं म्हणणं साधं आहे. राष्ट्रवाद फक्त युद्धात आणि भाषणांत नसतो. ऑफिसवर लटकणारा, कुणी न बघितलेला झेंडा, पेपरातलं खेळाचं पान, 'वी'सारखा छोटासा शब्द, यांतून तो रोज मुरत असतो. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत मात्र दोन! 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की तोही आत.

आता या 'आपण'मध्ये कोण कोण येतं ते बघू.

४ मार्च १९९२, सिडनी. वर्ल्डकपमध्ये भारत-पाकिस्तान पहिल्यांदाच समोरासमोर. ४३ धावांनी आपण जिंकलो, सचिन नाबाद ५४. अनेकांना आजही पाठ आहे. त्याच वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभरावर मुलं दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटर. हे किती जणांना पाठ आहे? ती मुलं 'तिथली' होती ना...

मग आलं २०१०. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं, पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचं गाव सावरपाडा, मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. तसाच डोंगराळ आदिवासी मुलूख. एका दिवसात ती 'आपली कविता' झाली, 'सावरपाडा एक्सप्रेस' झाली. झालीच पाहिजे, मलाही आनंद झाला होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ती धावली. आणि पुढच्याच महिन्यात पेपरात बातम्या कसल्या? मोखाड्यातल्या कुपोषणाच्या मृत्यूंच्या. वावर-वांगणीनंतर १९९५ साली 'नवसंजीवनी' योजना आली होती, तरीही.

खेळावर प्रेम करू नका असं मी म्हणत नाही. पुढची मॅच मीही बघणार, ओरडणारसुद्धा. पण एक लक्षात घ्या, पदक आलं की त्या डोंगरातली मुलगी 'आपण'मध्ये येते, आणि तिच्या शेजारच्या तालुक्यातलं मूल गेलं की ते 'तिथलं' राहतं. पदकासाठी 'आपण' म्हणायला काही खर्च नाही. मुलासाठी म्हणायचं तर दवाखाना, रस्ता, अंगणवाडी याबद्दल विचारत राहावं लागतं, आणि तेसुद्धा बातमी शिळी झाल्यावर.

असो. पुढच्या वेळी तोंडातून "आपण" निघालं की वावर आठवून बघा.