हेडफोनच्या पिनेचं घराणं

संगणकावर गाणं लावलं आणि एका कानात आवाज बारीक येऊ लागला, की पहिला संशय साउंड कार्डावर जातो. लोक ड्रायव्हर काढतात, पुन्हा घालतात. दोष मात्र पुष्कळदा त्या हिरव्या सॉकेटात खुपसलेल्या पिनेत असतो. आणि ही पिन मुळात संगणकाची नाहीच. ती टेलिफोनच्या घराण्यातली.

१८७८च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक वाढले तशी स्विचबोर्डावर झटपट जोडणारी आणि तितकीच झटपट सुटणारी पिन लागली. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चार्ल्स स्क्रिब्नर यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. पिनेचं रूप ऑपरेटरच्या हातांनी ठरवलं. पुढे बोंडासारखं टोक, त्यामागे खाच. आतली स्प्रिंगची पट्टी खाचेत बसते म्हणून पिन टक्कन अडकते आणि जोर न लावता सुटते. पुढे तिचे तीन भाग झाले: टोक, कडं आणि नळी, मध्ये विजेला अडवणारे पट्टे. टोक आणि कडं यांतून संभाषण जाई. लाइन मोकळी आहे की नाही, हे नळीवरून कळे.

ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१च्या डिसेंबरात लंडनमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ही पिन जुनीजाणती झाली होती. पुढे स्टिरिओ हेडफोनला दोन कानांचे दोन संदेश आणि परतीची एक सामाईक वाट, एवढंच हवं होतं. तीन भाग तयारच होते. टोक डाव्या कानाला, कडं उजव्याला, नळी दोघांची. साडेतीन मिलिमीटरची धाकटी पिन आधी ट्रान्झिस्टर रेडिओच्या एका कानाच्या इयरफोनला असे. १९७९च्या वॉकमननंतर तिचं तीन भागांचं रूप घरोघर गेलं. संगणकात १९८९च्या साउंड ब्लास्टर या साउंड कार्डावर ध्वनिमुद्रित आवाज मोनोच वाजे; १९९१च्या साउंड ब्लास्टर प्रोवर तो स्टिरिओ झाला.

हे घराणं कळलं की दोष वाचता येतो. पिन पुरती बसली नाही तर आतल्या पट्ट्या भलत्याच भागावर टेकतात आणि एक बाजू गप्प होते. दोनच भागांची मोनो पिन घातली तर तिची लांब नळी उजव्या बाजूला थेट ग्राउंडशी जोडते; उजवा आवाज तिथेच संपतो. सर्वांत बोलका दोष मला नळीची तार तुटण्याचा वाटतो. परतीची वाटच नाही, म्हणून दोन्ही बाजूंतलं जे सारखं ते एकमेकांना खोडतं. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच टाकलेला असतो, तो नाहीसा होतो. मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात.

म्हणून आधी संगणकाच्या मिक्सरमधला डाव्या-उजव्याचा बॅलन्स पाहावा. मग पिन टक्क होईपर्यंत दाबावी, हलक्या हाताने फिरवून पाहावी. खरखर होऊन आवाज परतला तर सॉकेट मळलेलं तरी आहे किंवा सैल तरी. वायरला व्हॉल्यूमचं चाक असेल तर ते पूर्ण वर न्यावं: त्यात दोन कानांचे दोन रोध असतात आणि अगदी कमी आवाजाला ते क्वचितच जुळतात. हेच हेडफोन स्टिरिओ रेडिओला लावून तीच बाजू बारीक आली तर कार्ड निर्दोष आहे. मग पिनेजवळ वाकून वाकून तुटलेली तार कापून नवी पिन सोल्डर करावी.