सदाकोचे हजार क्रौंच आणि ६४४ चा आकडा

हिरोशिमाच्या सदाको सासाकीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती अशी. अणुबॉम्बमुळे रक्ताचा कर्करोग झालेली एक मुलगी, हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते या समजुतीने रुग्णालयात कागदाला घड्या घालत बसते. ६४४ पक्षी होतात आणि ती जाते. उरलेले ३५६ वर्गातली मुलं पूर्ण करतात.

हा आकडा एलिनॉर कोएर यांच्या १९७७ च्या कादंबरीतला आहे. हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय आणि सदाकोचा भाऊ वेगळं सांगतात. ऑगस्ट १९५५ संपेपर्यंत तिचे हजार पक्षी पुरे झाले होते. त्यानंतरही औषधांच्या वेष्टनांपासून ती पक्षी करतच राहिली. २५ ऑक्टोबरला ती गेली, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

निव्वळ आकडा चुकला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. ६४४ वर थांबलेली गोष्ट वाचकाला एक दिलासा देते, की बिचारीला वेळ पुरला नाही, नाहीतर कदाचित... खऱ्या सदाकोने अट पाळली होती. हजार झाले आणि आजार होता तिथेच राहिला.

आजाराचंही तसंच. कादंबरीतली सदाको शर्यतीत धावते आणि तिला चक्कर येऊ लागते. कथेला ते सोयीचं. प्रत्यक्षात १९५४ च्या नोव्हेंबरात सर्दी झाली, मग मानेवर आणि कानामागे गाठी आल्या. जानेवारीत पायांवर जांभळे डाग उमटले. ल्युकेमियात प्लेटलेट घटतात आणि कातडीखाली रक्त उतरतं, त्याचे हे डाग. २१ फेब्रुवारीला तिला दाखल केलं. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती.

सदाकोचा मृत्यू अटळ होता, पण तो १९५५ सालचा मृत्यू होता, हेही लेखकाने ध्यानात ठेवायला हवं. जेमतेम सात वर्षांपूर्वी, १९४८ साली, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या १० जणांना तात्पुरता उतार पडला. ते औषध आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन साठच्या दशकात वापरात आलं. आज वेळेवर, पुरे उपचार मिळालेली बहुसंख्य मुलं बरी होतात. उपचार मात्र दोन-तीन वर्षं चालतात. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, केस जातात, पाठीच्या कण्यात सुई टोचली जाते, आणि पुढे घरी रोजच्या गोळ्या. आजच्या कथेतलं मूल तिसऱ्या प्रकरणात फिकट पडून पाचव्यात शांतपणे डोळे मिटत असेल, तर लेखक अजून १९५५ मध्येच आहे.

आजाराचं नाव सदाकोला सांगितलेलं नव्हतं. तिच्या मृत्यूनंतर एक कागद सापडला. आपल्या रक्ततपासणीतले पांढऱ्या पेशींचे आकडे तिने त्यावर लपून उतरवून ठेवले होते.