कंदील, घमेले आणि हुमणी : शिरूर-दौंडच्या प्रकाश सापळ्याचा इतिहास

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडू लागतात. बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर ते जमतात, तेथेच त्यांचे मीलन होते. रात्रभर पाला खाऊन पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. त्यांच्या अंड्यांतून निघणारी पांढरी, वाकडी अळी म्हणजे हुमणी. ती मुळे कुरतडते आणि पिवळा पडलेला ऊस हाताने ओढताच बेटासकट उपटून येतो.

मातीखालची अळी गाठणे महाकठीण. वर्षातून एकदाच, तेही काही संध्याकाळी, ही कीड भुंगेऱ्याच्या रूपाने हाताशी येते. त्या वेळी शेतात उजेड कोणाकडे होता, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या दोन तालुक्यांतील ऊस मुळात कालव्यांचे अपत्य. १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहत होते आणि मुठा उजवा कालवा पाटसच्या दिशेने सरकत होता. शिरूरकडे घोड धरणाचे पाणी आले ते थेट १९६०च्या दशकात. ज्या माळरानावर पूर्वी बाजरी पावसाची वाट पाहत असे, तेथे मुळांचे बारमाही अन्न तयार झाले. शास्त्रज्ञ ज्या किडीला होलोट्रॅकिया सेरेटा म्हणतात, तिला मराठीत ‘माळावरची हुमणी’ हे नाव आहे. नदीकाठच्या भारी जमिनीतील हुमणी वेगळी. तिचा मुलूख प्रामुख्याने सांगली-कोल्हापूरकडचा.

उजेडाची कथा याला समांतर चालते. करंजाच्या किंवा करडईच्या तेलाचा दिवा घरातल्या कोनाड्यात ठीक. उघड्या शेतात तो वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीला विझणार. रॉकेल आणि काचेचा कंदील आल्यावर परिस्थिती बदलली. (‘रॉकेल’ हा शब्द इंग्रजी ‘रॉक ऑइल’चे मराठी रूप, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते.) १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. बर्लिनमध्ये १९१०च्या सुमारास तयार झालेली पेट्रोमॅक्स येथे गॅसबत्ती म्हणून रुळली. मात्र ती लग्नाच्या वरातीची आणि तमाशाच्या फडाची मानकरी. रोज बांधावर टांगण्याची ती वस्तू नव्हे.

सापळ्याची मूळ रचना कंदिलाच्या काळापासून आजतागायत फारशी बदललेली नाही. तीन काठ्यांचे तिकाटणे, मध्ये टांगलेला दिवा आणि खाली पाण्याने भरलेले घमेले. पाण्यावर रॉकेलचा पातळ तवंग, म्हणजे पडलेला भुंगेरा पुन्हा उडत नाही. एवढ्या साध्या साधनाला ‘यंत्र’ म्हणावे की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा.

मग दुसऱ्या महायुद्धानंतरची पांढरी पावडर आली. बीएचसीची भुकटी जमिनीत मिसळली की काम झाले, असा विश्वास एका पिढीने बाळगला आणि रात्री दिवा घेऊन उभे राहणे जुनाट वाटू लागले. हे विष माती, पाणी आणि दुधापर्यंत पोहोचते हे स्पष्ट झाल्यावर १९९७ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्यानंतर कृषी विभाग आणि साखर कारखाने यांच्या सल्ल्यांत प्रकाश सापळ्याला आणि कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करण्याला पुन्हा मान मिळाला. २०१८ मध्ये पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत हुमणीने ऊस पोखरला, तेव्हा हेच उपाय पुन्हा चर्चेत आले.

दरम्यान युरोपातील पतंगसंग्राहकांनी सापळा सुधारला होता. १९५० मधला रॉबिन्सन सापळा पाऱ्याच्या प्रखर दिव्यावर चाले, पण त्याला घरातली वीज लागे. १९६५ मध्ये जॉन हीथ यांनी बॅटरीवर चालणारा, सहा वॉटच्या नळीचा सुटसुटीत सापळा मांडला. दिव्याभोवती उभे पंख, खाली नरसाळे. कीटक पंखावर आपटतो आणि घसरून आत पडतो. आजच्या सौर सापळ्यांतही पुष्कळदा हीच युक्ती दिसते.

बॅटरीचे महत्त्व शिरूर-दौंडमध्ये वेगळे सांगावे लागत नाही. गावठाणाची आणि शेतीपंपांची वीजवाहिनी वेगळी झाल्यापासून गावात बल्ब जळतो तेव्हा शेतात अंधार असू शकतो. शेतीची वीज आवर्तनाने येते, भुंगेरे मात्र आपली वेळ पाळतात. म्हणून बल्बचा सापळा ऐन साडेसातला मुका राहण्याचा धोका कायमचा. लहान सौरपट्टी, बॅटरी आणि अतिनील एलईडी या जोडणीने ही अडचण दूर होते. साधा पांढरा एलईडी स्वस्त पडतो खरा, परंतु त्यात अतिनील किरण जवळजवळ नसल्याने कीटक तुलनेने कमी येतात.

कीटक दिव्याकडे का येतात, याचे एक पटण्याजोगे उत्तर अलीकडे, २०२४ मध्ये मिळाले. अतिवेगवान चित्रीकरणात दिसले की उडता कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतो. आकाश नेहमी वर असते, तोवर ही सवय उपकारक. दिवा बाजूला असला की तोच कीटक त्याच्याभोवती गरगरत राहतो. पतंगाच्या दिव्यावरील प्रेमाला काव्यात मिळालेले स्थान यामुळे डळमळत नाही, पण सापळ्यापुढे शत्रू-मित्र असा भेद नसतो, हे मात्र कळते. पिकाचे मित्रकीटकही त्याच घमेल्यात पडतात. म्हणून दिवा रात्रभर न ठेवता भुंगेऱ्यांच्या वेळेपुरता लावणे शहाणपणाचे. स्वस्त सौर सापळ्यात वेळेचे बटण नसेल, तर ती बचत महागात पडते.

रात्रीच्या शेताला आणखी एक अर्थ आला आहे. शिरूरच्या उसात बिबट्या वस्ती करून आहे आणि त्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले आहेत. कंदील घेऊन बांधावर उभे राहणारा शेतकरी आणि अंधार पडताच आपोआप पेटून काही तासांनी विझणारा दिवा, यांतील फरक तेथे केवळ सोयीचा नाही. घमेले सकाळी उन्हात रिकामे करता येते.

सापळा नेमका कधी बाहेर काढायचा, हे मात्र पाऊसच ठरवतो. २०२५ मध्ये दौंड-बारामतीला मेच्या अखेरीसच पावसाने झोडपून काढले. जूनच्या भरवशावर दिवा माळ्यावर ठेवलेल्याला त्या वर्षी घाई करावी लागली असती.