सीमापार घटस्फोट : विलंब आणि तो टाळण्याचे मार्ग

पती आणि पत्नी वेगवेगळ्या देशांत राहत असताना, किंवा लग्न एका देशात आणि संसार दुसऱ्या देशात झालेला असताना होणारा घटस्फोट. या नोंदीत मुख्यतः हिंदू विवाह अधिनियम, 1955 नुसार भारतात लग्न करून अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत गेलेल्या दांपत्यांचा विचार केला आहे. मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयांना असे अर्ज आता नवे राहिलेले नाहीत.

अधिनियमाच्या कलम 21-ब नुसार प्रतिवादीवर नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी पूर्ण करण्याचा प्रयत्न व्हायला हवा. म्हणजे नोटीस बजावली गेली नाही, तर सहा महिने मोजायला सुरुवातच होत नाही. जोडीदार न्यू जर्सीत किंवा दुबईत असेल, तर ही एवढीशी अट सगळा दावा अडवून धरते. सीमापार घटस्फोटात वर्षे जातात ती साक्षीपुराव्यात कमी, त्याआधी जास्त : कोणत्या न्यायालयात जायचे हे ठरवताना आणि समन्स पोचवताना. ही दोन कामे नीट झाली नाहीत, की पुढच्या तारखांना अर्थ उरत नाही.

भारतात अर्ज कुठे करता येतो हे कलम 19 सांगते. लग्न जिथे लागले, प्रतिवादी जिथे राहतो किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. 2003 च्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती राहत असलेल्या ठिकाणीही अर्ज करता येतो. प्रतिवादी भारताबाहेर असेल तर अर्जदार राहतो ते ठिकाणही चालते. परदेशांत मात्र रहिवासाची अट असते. कॅलिफोर्नियात एका पक्षाचा राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने रहिवास लागतो; न्यू जर्सीत साधारणपणे एक वर्ष. अट पुरी होण्याआधी दाखल केलेला अर्ज फेटाळला जातो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. युरोपीय संघातील बहुतेक देशांत, दोन ठिकाणी दावे पडले तर आधी दाखल झालेला चालतो आणि दुसरा थांबतो. भारत आणि अमेरिका यांच्यात असा कोणताही नियम नाही. पतीने टेक्सासमध्ये आणि पत्नीने ठाण्यात अर्ज केला, तर दोन्ही खटले वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालू शकतात. परदेशातला दावा थांबवणारा मनाईहुकूम मिळवू, असा भरवसा काही जण बाळगतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फ्लोरिडातील दाव्याविरुद्ध असा मनाईहुकूम नाकारला आणि ही सवलत क्वचितच द्यायची असते हे स्पष्ट केले. ती लढाई बहुधा वेळ आणि पैसा खाते, हाती फारसे काही लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जिथे लवकर घटस्फोट मिळेल तिथे एकट्याने तो घेऊन टाकणे. संयुक्त अरब अमिरातींत 1 फेब्रुवारी 2023 पासून बिगर-मुस्लिमांसाठी नवा कायदा लागू झाला. त्यानुसार दोष सिद्ध न करता, एका पक्षाच्या मागणीवरून पहिल्याच सुनावणीत घटस्फोट मिळू शकतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ‘न मिटणारे मतभेद’ एवढे कारण पुरते. हिंदू विवाह अधिनियमात हे कारणच नाही. परदेशी हुकूमनामा भारतात केव्हा बंधनकारक ठरत नाही हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 13 सांगते. विवाहाच्या बाबतीत त्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1991 मध्ये लावला. त्या प्रकरणातले लग्न 1975 मध्ये तिरुपतीला लागले होते आणि घटस्फोट मिसूरी राज्यातल्या न्यायालयाने विवाह मोडकळीस आल्याच्या कारणावरून दिला होता. तो घटस्फोट भारतात टिकला नाही.

ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्या कायद्याने मान्य केलेल्या न्यायालयाने आणि मान्य केलेल्या कारणावरून दिलेला हुकूमनामाच येथे चालेल, असा नियम त्या निवाड्याने घालून दिला. त्याला तीन अपवाद ठेवले. पहिला, प्रतिवादी परदेशी न्यायालयाच्या हद्दीत कायमचा किंवा नेहमीचा राहत असेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातलेही असेल. दुसरा, प्रतिवादीने स्वखुशीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य करून, आपल्या कायद्यातल्याच कारणावर आधारलेला दावा लढवला असेल. तिसरा, प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली असेल. ‘तुम्हाला अधिकार नाही’ एवढेच सांगायला हजर राहणे म्हणजे अधिकार मान्य करणे नव्हे, हेही न्यायालयाने नोंदवले. सांगलीच्या घरी बसलेल्या पत्नीला अचानक डाकेने परदेशी घटस्फोटाचा कागद यावा आणि संसार संपला असे कळावे, या अन्यायापासून तिचे रक्षण करणारा हा निवाडा आहे. तो अडथळा ठरतो तो घाईने एकतर्फी हुकूमनामा घेणाऱ्याला. अशा माणसाने पुन्हा लग्न केले, तर भारताच्या दृष्टीने पहिले लग्न टिकून असते आणि द्विविवाहाच्या गुन्ह्याची टांगती तलवार राहते. शेवटी विवाह संपला की नाही हे ठरवून घेण्यासाठी त्याला कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 खाली भारतातच दावा करावा लागतो. दुबईत वाचवलेले महिने पुण्यात वर्षांच्या हिशेबाने भरावे लागतात.

यावरून सरळ मार्ग दिसतो. परदेशातच घटस्फोट घ्यायचा असेल, तर दुसऱ्या पक्षाची संमती त्या न्यायालयाच्या कागदांवरच नोंदवून घ्यावी. इंग्लंड-वेल्समध्ये 6 एप्रिल 2022 पासून दोघांना मिळून संयुक्त अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाल्यापासून 20 आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम आदेश. संयुक्त अर्जात दोघांची संमती अर्जातूनच दिसते, त्यामुळे तिसऱ्या अपवादाचा आधार मिळतो. हाच आदेश एकट्याच्या अर्जावर घेतला आणि भारतातला जोडीदार गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

समन्सच्या बजावणीकडे वकीलही बऱ्याचदा किरकोळ काम म्हणून पाहतात. भारत 1965 च्या हेग बजावणी करारात सामील आहे आणि 1 ऑगस्ट 2007 पासून तो भारताला लागू आहे. भारताने त्यात टपालाने किंवा परस्पर बजावणी करण्याला हरकत नोंदवली आहे. त्यामुळे ओहायोतल्या वकिलाने नाशिकच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवलेले समन्स करारात बसत नाही. कागद दिल्लीत केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाकडे जायला हवेत. ते इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह असावेत. तिथून ते स्थानिक जिल्हा न्यायालयाकडे जातात, बेलिफ बजावणी करतो आणि दाखला आल्या वाटेने परत जातो. या प्रवासात महिने जातात हे आधीच धरून चालावे. पत्त्यात गाव-तालुक्याचा घोळ असला किंवा नाव पासपोर्टप्रमाणे नसले, तर कागद बजावणी न होता परत येतात आणि पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागतात. भारतातून परदेशी पाठवायच्या समन्सलाही संबंधित देशाचे नियम लागू होतात. जर्मनीने टपालाला हरकत घेतली आहे, अमेरिकेने नाही. अमिराती हेग करारात नाहीत. त्यांच्याशी भारताचा 1999 चा स्वतंत्र करार आहे.

दाखला आलाच नाही तरी खटला कायमचा अडकत नाही. कागद करारातल्या मार्गाने पाठवून किमान सहा महिने झाले असतील आणि दाखला मिळवण्याचे सर्व वाजवी प्रयत्न झाले असतील, तर कराराच्या पंधराव्या अनुच्छेदाखाली न्यायाधीश निकाल देऊ शकतो. भारताने ही तरतूद स्वीकारली आहे. म्हणून कागद पाठवल्याची पोच, स्मरणपत्रे आणि ईमेल यांची तारीखवार फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी.

या सगळ्याहून जलद मार्ग एकच आहे. प्रतिवादीने भारतातल्या वकिलाला वकीलपत्र द्यावे आणि त्या वकिलाने पहिल्या तारखेला हजर व्हावे, म्हणजे परदेशी बजावणीची गरजच उरत नाही. दोन्ही बाजूंत बोलणे चालू असेल, तर हे सर्वांत आधी मागावे. बोलणे बंद झालेले असेल, तर दोन्हीकडचे वडीलधारे आणि वकील यांनी निदान एवढ्यापुरते तरी ते पुन्हा सुरू करावे.

परस्पर संमतीचा मार्ग कलम 13-ब मध्ये आहे. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये ही सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते असे ठरवले. मात्र वेगळे राहण्याचे एक वर्ष आणि हे सहा महिने, दोन्ही मिळून दीड वर्ष पहिल्या अर्जाआधीच उलटलेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा प्रश्न आपसांत मिटलेला असावा. माफीचा हा अर्ज पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो. आईवडील किंवा भावंडांना प्रतिनिधी म्हणून हजर राहू देण्याची आणि व्हिडिओवरून हजेरी घेण्याची मुभाही त्याच निवाड्याने दिली. पुढे 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमेरिकेत असलेल्या पत्नीचा अर्ज कुलमुखत्यारामार्फत नोंदवून घ्यावा असा आदेश दिला. त्याआधी ती स्वतः हजर नाही म्हणून कुटुंब न्यायालयाने तो नाकारला होता.

कुलमुखत्यारपत्राच्या कागदात मात्र अनेक जण अडकतात. परदेशात केलेले पत्र नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाचा अधिकृत दाखला) घ्यावे किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे. महाराष्ट्रात ते पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुदत हुकली की दंड, आणि तो भरेपर्यंत कागदच पुराव्यात येत नाही. लढवलेल्या दाव्यात आणखी एक मर्यादा आहे : पती-पत्नीत काय घडले याची साक्ष कुलमुखत्यार देऊ शकत नाही. ती आणि उलटतपासणी ज्याची त्यानेच द्यायची असते. व्हिडिओवरून साक्ष द्यायची तर परदेशातल्या टोकाला बहुधा भारतीय वकिलातीतला अधिकारी समन्वयक म्हणून लागतो. त्याची वेळ आधी मागून घ्यावी आणि दोन देशांच्या वेळांतला फरक न्यायालयाच्या नजरेस आणावा. मुंबईतली सकाळची अकराची वेळ म्हणजे कॅलिफोर्नियातली आदल्या रात्रीची साडेनऊ-साडेदहा.

पोटगीच्या प्रश्नात 2020 पासून दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि उत्पन्न यांचे शपथपत्र द्यावे लागते. परदेशी पगाराच्या पावत्या, करविवरणपत्रे आणि निवृत्तिनिधीचे उतारे पहिल्याच शपथपत्रासोबत दिले, तर त्यावरून पडणाऱ्या बऱ्याच तारखा वाचतात.

मुलांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. मुलांच्या अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही. परदेशी न्यायालयाचा ताब्याचा आदेश येथे विचारात घेतला जातो. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाचे हित हीच निर्णायक कसोटी मानली. दुसऱ्या पालकाला न विचारता मूल घेऊन भारतात आले, की घटस्फोट बाजूला राहतो आणि देहोपस्थितीची याचिका, परदेशातला अवमान, कधी फौजदारी वॉरंटही मागे लागते. मूल तोपर्यंत शाळा, भाषा आणि आई-बाप यांच्या मधोमध लोंबकळत राहते. ताब्याचा करार घटस्फोटाच्या अर्जाआधी लेखी होणे हे वेळ वाचवण्यापेक्षा कितीतरी मोठे काम आहे.

विवाह मोडकळीस आला आहे म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, असा समज 2023 च्या घटनापीठाच्या निकालानंतर पसरला. अनुच्छेद 142 खालचा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, विवेकाधीन आहे आणि त्यासाठी थेट याचिका करता येत नाही. कुटुंब न्यायालयाला तो नाही.

पत्नी पतीच्या व्हिसावर अवलंबून असेल, तर तारखांचा हिशेब तिच्यासाठी जगण्याचा प्रश्न असतो. अमेरिकेत एच-4 या अवलंबित जोडीदाराच्या व्हिसाचा आधार अंतिम हुकूमनाम्याबरोबर संपतो. तिच्या बाजूने मागितलेली थोडी मुदत म्हणजे दिरंगाई नव्हे. घर, नोकरी आणि परतीची सोय करायला ती लागते, आणि समजूतदार करारात ती धरलेली असावी. भारतीय जोडीदाराच्या नात्याने ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळालेल्या परदेशी व्यक्तीची नोंदणीही घटस्फोटानंतर केंद्र सरकार रद्द करू शकते.

गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910 चा घटस्फोटाचा कायदा यांची परंपरा चालू आहे. तिथे लग्न नागरी नोंदणीत असते आणि विच्छेदाची नोंदही त्याच दप्तरात व्हावी लागते. लिस्बन किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या गोवेकरांनी ही पायरी सोडली, तर त्या दप्तरात ते विवाहितच राहतात.

भारतातल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे आणि ती उलटण्याआधी पुनर्विवाह करता येत नाही. परदेशी हुकूमनामा येथे वापरायचा तर साधी छायाप्रत चालत नाही. मूळ कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली प्रत आणि त्यावर नोटरीचा किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तो देश सोडण्याआधीच अशा तीन-चार प्रती काढून ठेवाव्यात. पासपोर्ट कार्यालय, बँक, पुनर्विवाहाची नोंदणी आणि मुलाची शाळा यांना त्या वेगवेगळ्या वेळी लागतात.