रोहण्याची दुकानं आणि उधारीची वही



मघाशी इथे येताना रोहण्याच्या मुख्य रस्त्यानं मुद्दाम पायी आलो. किराणा, कृषी केंद्र, मोबाईल दुरुस्ती, पानठेला, आणि गल्ल्यापाशी चिकटवलेला तो क्यूआर कोड. तरुण म्हणतात गाव सुधारलं, म्हातारे म्हणतात बिघडलं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला आधी प्रश्न पडतो की दुकानात नेमकं बदललं काय? माल तर बदलतच असतो. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. बदलली ती उधारी. उधार कोण देतो आणि ते लिहून कोण ठेवतो, एवढं पाहिलं की दुकानाचा इतिहास वाचता येतो.

सुरुवात कापसापासून करू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या भागातल्या कापसाला भाव आला. वर्धा जिल्हा वेगळा झाला तोही याच काळात, १८६२ मध्ये. १८६७ ला मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि पुलगाव त्या मार्गावर आलं. पुढे १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली, आपली शकुंतला. रोहण्याला स्टेशन मिळालं. ज्या वाटेनं कापूस बाहेर जातो, त्याच वाटेनं मिलचं कापड, रॉकेल, काडेपेटी, चहा आत येतो. खेड्यातलं दुकान वाढतं ते असं.

पण कापसाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो. पावसाच्या तोंडावर पेरणी, दसऱ्याच्या सुमारास सीतादही करून वेचणी. मधले चार महिने कास्तकारानं घर चालवायचं कशावर? दुकानदाराच्या वहीवर. तेल, मीठ, गूळ, लेकीच्या लग्नाचं लुगडं, सगळं लिहून. हिशेब दिवाळीनंतर. म्हणजे बघा, त्या दुकानात माल विकला जायचा हे खरं, पण त्याहून जास्त तिथे वेळ विकला जायचा. पीक हाती येईपर्यंतचा वेळ.

कान्ट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ च्या ग्रंथात एक उदाहरण दिलंय. परत करायचं मनात नसताना ‘परत करीन’ म्हणून कर्ज मागणं चूक का? तर सगळेच तसं करू लागले तर वचन या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा मला गावातला किराणावाला आठवायचा. त्याचा सगळा धंदा त्या एका वचनावर उभा असायचा.

आता इथे थांबलो तर ते स्मरणरंजन होईल. कारण वचन दोन माणसांमधलं असलं तरी वही एकाच्याच हातात होती. घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. वहीत काय चढलं आणि व्याज कसं लागलं, हे त्याला दुसऱ्यानं सांगायचं. किती वावरं अशी वहीतून सावकाराकडे गेली! हा प्रश्न इतका पेटला होता की मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा करावा लागला. सावकारानं नीट हिशेब ठेवावा आणि कर्जदाराला तो द्यावा, हे कायद्यानं सांगावं लागलं. त्याच १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले आणि मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ. गावाचा पैसा गावात राहावा, हा त्यातला विचार.

आणखी एक गोष्ट. जुन्या दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांना जागा नव्हती. काहींनी खाली उभं राहायचं, पैसे लांबून टाकायचे, माल वरून झेलायचा. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये दलितांना खुलं झालं, त्याचा इतिहास लिहिला गेला. दुकानाचा ओटा कधी खुला झाला, हे मात्र कुणी लिहिलं नाही. आज क्यूआर कोड जात विचारत नाही, ही लहान गोष्ट समजू नका.

स्वातंत्र्यानंतर माप बदललं. १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर. पायली, शेर, छटाक गेले. गावागणिक वेगळं असलेलं माप देशभर एक झालं आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा मापावर बोट ठेवता आलं. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली. हमी मिळाली, पण पैसे हप्त्यांनी यायचे. तोवर? पुन्हा किराण्याची वही.

मग शाम्पूच्या, तेलाच्या पुड्या आल्या. लोक म्हणाले, केवढी क्रांती! अहो, ‘चार आण्याचं तेल द्या’ हे आपण आधीपासून म्हणतच होतो. सुटं विकणं जुनंच, फक्त आता ते कंपनीनं बांधून दिलं.

खरी उलथापालथ पुढे झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. घरचं सरकीचं बियाणं संपलं, दरवर्षी पाकीट विकत घ्यायचं. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं कृषी केंद्रातून, आणि बरंचसं उधार. म्हणजे वही किराण्याच्या दुकानातून कृषी केंद्रात गेली. पूर्वी माणूस पोटासाठी उधार घ्यायचा, आता पिकासाठी घेतो. पीक बुडालं तर फरक कळतो. तेला-मिठाची उधारी लहान असते, ती थकली तरी दुकानदार थांबतो. एकरी खर्चाची उधारी थांबत नाही.

आणि २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे. रोख तिथल्या तिथे चुकते, नोंद आपोआप होते. पण ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे त्या यंत्राला सांगता येत नाही. ज्याच्या खात्यात आज पैसे नाहीत तो अजूनही त्याच जुन्या किराण्यात जातो आणि हळूच म्हणतो, ‘भाऊ, लिहून ठेवा.’ नाही तर मोबाईलवर कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जातो. त्या कंपनीला त्याची सही माहीत असते, त्याचं वावर आणि यंदाचा पाऊस माहीत नसतो.

शेवटी एक मागणं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी दुकान होतं, त्यांच्या माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या पडल्या असतील. त्या रद्दीत देऊ नका. सरकारी कागदांत सारा आणि पीकपाणी सापडेल. कोणत्या साली गूळ कमी उचलला गेला, कोणत्या दिवाळीला कापड घेतलंच गेलं नाही, हे त्या वह्यांतच आहे. त्यात आपल्याच आज्यांची देणी आहेत, म्हणून नावं झाकून ठेवा. पण वही ठेवा. त्यांना ती कधी वाचता आली नाही. आता आपल्याला येते.